एक वाक्य कमी

धाकटीने पिशवीतून नळी काढली आणि मुद्दामच भाऊजींच्या नाकासमोर टेबलावर ठेवली. बोटाएवढी प्लॅस्टिकची नळी, आत तपासणीचा नमुना घ्यायची मऊ टोकाची काडी. नर्सच्या नोकरीत रोज हाताळायची वस्तू. अशीच एक तिने याच टेबलावर आपल्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी ठेवली होती. तेव्हा या गृहस्थांनी ती उचलून दाराबाहेर भिरकावली होती. आमच्या घरात असले घाणेरडे रोग नाहीत, म्हणाले होते. पुढे अक्काला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला, तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

आज त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. दुसऱ्या बायकोची तपासणी करायची होती. उशिरा सुचलेलं शहाणपण, तेही अक्काचा जीव घेऊन. हा माणूस पुन्हा आडवा येईल आणि आपण त्याला बायकोदेखत सोलून काढू, अशी आस धरून धाकटी आली होती. पण भाऊजी आडवे आलेच नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे केली, पंखा लावला. त्याचाच तिला जास्त संताप आला.

"दवाखान्यात न्यावं लागेल?" त्यांनी विचारलं.

"नाही. नमुना तिचा तीच घेईल, बाथरूममध्ये जाऊन. कोणी हातही लावत नाही."

भाऊजींनी नळी उलटसुलट करून पाहिली. "एवढंच?"

"एवढंच. तेव्हाही एवढंच होतं."

त्यांनी नळी जपून खाली ठेवली. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही.

आतल्या खोलीत तिने नव्या बायकोला सगळं नीट समजावलं. घरोघरी सांगते तेही सांगितलं: या तपासणीत कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू शोधतात, पण तो सापडला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींच्या अंगातून तो आपोआप जातो, नाही गेला तरी वेळेवर उपाय करता येतात. एरवी हे ती नवऱ्यांनाही सांगायची, कारण बायकांआधी त्यांचंच तोंडचं पाणी पळतं.

बायको बाथरूममधून आली. झाकण घट्ट लावलेली नळी तिने पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"हे म्हणतात, अक्काच तयार नव्हत्या तपासणीला."

धाकटीला वाटलं, आता ओरडावं, भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं. पण आवाज फुटला तो अगदी साधा.

"अक्का तयार होती. नळी भाऊजींनी फेकली."

बायकोने नळी सोडली आणि ओले हात पदराला पुसत राहिली.

बाहेर भाऊजी उभेच होते. रिपोर्ट वाईट आला तर काय, म्हणाले. विषाणू सापडला म्हणजे कॅन्सर नव्हे, हे नेहमीचं वाक्य धाकटीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"आल्यावर कळेल," ती म्हणाली आणि पिशवीची चेन ओढली.

दारात चपला घालताना तिला मागून त्यांचा दबका आवाज ऐकू आला. ते बायकोला विचारत होते, आत काय म्हणाली ती, घाबरण्यासारखं काही आहे का.

बायकोने पदर खोचला.

"मला काहीच सांगितलं नाही त्यांनी," ती म्हणाली. "रिपोर्टची वाट बघा."

धाकटीने दुसरी चप्पल पायात सरकवली आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.