वरची मूठ

पहिल्या पाळीला निघण्याआधी काकांनी नेहमीप्रमाणे धाकटीच्या ताटलीत खाणं ओतलं. धाकटी म्हणजे कुत्री. बायकोनं आणलेली, नावही तिनंच ठेवलेलं. बायकोला जाऊन सात महिने झाले होते. आता घरात बोलायला ही एवढीच उरली होती.

धाकटीनं ताटलीला तोंड लावलं नाही. पाण्याचं भांडं मात्र तिसऱ्यांदा चाटूनपुसून रिकामं केलं.

"काय गं, आमच्या हातचं गोड लागेना का?"

हातचंच होतं ते. कुत्र्यामांजरांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यात काका बावीस वर्षं मिसळणीवर होते. फाटक्या पोत्यांतला माल कामगारांना घरी न्यायला मिळे.

मिसळणीच्या खोलीत एक रीत होती. टनभर मालाला जीवनसत्त्वाची पूड लागे जराशीच. ती काट्यावर तोलायची, पिंपात सोडायची आणि वर एक मूठ टाकायची. तपासणीत कमी भरायला नको, म्हणून. काकांना ही रीत त्यांच्या उस्तादानं शिकवली आणि काकांनी पुढच्यांना. त्यांचं नावच पडलं होतं मूठवाले काका.

पूर्वी पूड भुशात मिसळून येई, त्यामुळे मूठभर जास्त खपून जाई. दोन महिन्यांपूर्वी ती निव्वळ यायला लागली. तोलायचं वजन कमी करून दिलं गेलं आणि कारण सांगणारा कागद भिंतीवर लागला. पण भिंतीवरचे कागद वाचतो कोण? डबा तोच, हात तोच, मूठही तीच.

संध्याकाळी धाकटीला उलट्या सुरू झाल्या. काकांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पुढे सरकवला.

"मूत्रपिंडं निकामी झालीत. अंगात ड जीवनसत्त्व फार झालंय. या आठवड्यातली ही पाचवी. खायला काय घालता?"

"आमच्या कारखान्यातलंच. चांगलं असतं बाई, मी स्वतः..."

काकांनी आपल्या उजव्या मुठीकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोच्या जुन्या शालीवर धाकटीनं मान टाकली. परसात खड्डा खणताना काकांना बायकोचं एक बोलणं आठवत राहिलं. चुलीपाशी लुडबुड करायला गेले की ती मिठाचा डबा हातातून काढून घ्यायची. म्हणायची, "कमी पडलं तर घालता येतं हो. जास्त झालेलं काढता येतं का?"

तिला पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी काका कामावर गेले. मिसळणीवर चष्मा उभा होता. चष्मा म्हणजे काकांच्याच हाताखाली तयार झालेला गडी. तोलून झालं होतं आणि त्याचा हात पुन्हा डब्यात गेला होता. काकांनी त्याचं मनगट धरलं.

"टाकू नकोस."

"अहो, तुम्हीच शिकवलंत की!"

"हो, मीच शिकवलं. म्हणून मीच सांगतोय."

मग ते साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी आधी उठून दार लोटलं.

"काका, तुमचं दुःख कळतं मला. पण एका कुत्रीपायी बावीस वर्षांवर पाणी सोडणार?"

"एकीपायी नाही साहेब. दोन महिन्यांचा माल बाजारात आहे. परत बोलवा."

"आणि मूठ कोणाची विचारलं तर? फास तुमच्याच गळ्यात पडेल."

"पडू द्या. माझीच होती."

"घरी जा. चार दिवस विश्रांती घ्या."

काका घरी गेले नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन त्यांनी सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली. तिथून ते चौकातल्या दुकानात गेले. फळीवर त्यांच्या कारखान्याची पोती ओळीनं मांडलेली होती. एक बाई त्यातलं एक उचलत होती. तिच्या पायाशी एक तपकिरी कुत्रं शेपटी हलवत उभं होतं.

"ताई, हे नेऊ नका."

"का हो? खराब आहे का?"

गल्ल्यावरचा दुकानदार ओरडला, "ओ, तुम्ही कोण सांगणारे?"

काकांनी उजवा हात पुढे केला आणि उघडला.

"हे मी बनवलंय," ते म्हणाले.