पीरापुढची शपथ

माझ्या हिलालचं नाव ऐकून परगावचे लोक विचारतात, हिंदूच्या घरी असलं मुसलमानी नाव कसं? अहो, आमच्या खानदेशात घरोघरी हिलाल सापडतील. माझी आधीची लेकरं पाळण्यातच गेली. मग सासूनं गावच्या पीराला नवस केला आणि हा जगला. तेव्हापासून त्या पीरापुढे मी कधी खोटं बोलले नाही. बाकी ठिकाणी बोलले असेन, मी काही संत लागून गेले नाही.

अठ्ठावीस साली मुक्ताई देवीची पालखी मशिदीपुढून वाजत जावी की मुकाट जावी, यावरून गावात डोकी फुटली. पालखीचा दांडा मोडला. लगेच नूर महंमदभाऊंची केळीची गाडी पेटली. दांड्यापायी त्यांचा मुलगा अन्वर पकडला गेला आणि गाडीपायी माझा हिलाल. दोघं जामिनावर सुटले. पण जळगावच्या साहेबानं बजावलं, पुढच्या तारखेच्या आत गावानं आपसात मिटवा, नाही तर दोघंही धुळ्याच्या तुरुंगात जातील. हिलालचे वडील वारलेले, घरात मी आणि तो.

चावडीवर बैठका सुरू झाल्या. आधी कुरापत कोणी काढली, एवढंच ठरवायचं होतं. पण आमचे म्हणाले, तुमच्या बापानं अमुक केलं. ते म्हणाले, तुमच्या आजानं तमुक केलं. करता करता गडी बादशहाच्या घोड्यांपर्यंत जाऊन पोचले. मेल्यांनो, तो घोडा पाहिलाय कोणी? इथं माझं पोर तुरुंगाच्या दारात उभं आहे, आणि तुम्ही घोडे मोजताय! हे मी तोंडावर बोलले.

शेवटी तोताराम आबांनी तोड काढली. आबा म्हणजे आमचे पाटील, मोठे हिकमती. म्हणाले, आपल्या देवापुढे माणूस खोटं बोलतो, कारण आपला देव सांभाळून घेईल असं त्याला वाटतं. परक्याच्या देवाची खात्री कोण देणार? तेव्हा हिलालच्या आईनं पीरापुढे सांगावं की गाडी माझ्या मुलानं पेटवली नाही. नूर महंमदनं मुक्ताईच्या दारात उभं राहून सांगावं की दांडा अन्वरनं मोडला नाही. झालं, समेट! सगळ्यांनी माना डोलावल्या. अख्ख्या गावाला माहीत होतं कोणी काय केलं ते. दोन खोट्यांची अदलाबदल करून दोन्ही बाजूंचं नाक वर राहणार होतं.

हिलालनं मला घरी येऊन सांगितलंच होतं. त्याच्या हाताला फोड आले होते, त्यावर मी खोबरेल लावलं होतं.

शुक्रवारी सगळे दर्ग्यात जमले. मी उंबऱ्याशी बसले. चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. आबा म्हणाले, बोल मंजुळा. मनात म्हटलं, पीरबाबा, खोटं बोलले तर तुमची चोर आणि खरं बोलले तर पोर तुरुंगात. मी तोंड उघडलं.

"थांबा, अक्का," नूर महंमदभाऊ म्हणाले. ते उठून पुढे आले. "पालखीचा दांडा माझ्या अन्वरनं मोडला. मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबापुढेही हेच सांगीन."

एकच गलका झाला. त्यांचीच माणसं त्यांच्या अंगावर धावून गेली. अन्वर तर बापाकडे पाहतच राहिला. तेवढ्यात माझ्या मागून हिलालचा आवाज आला.

"गाडी मी पेटवली, चाचा."

मी रडले, त्याची लाज नाही वाटली.

त्यापुढचा समेट दुपारच्या आत झाला. अन्वर सुतारकाम शिकलेला, त्यानं शिसवी दांडा घडवून द्यायचा. भाऊंना नवी गाडी मिळेस्तोवर हिलालनं आमच्या गाडीबैलांनी त्यांची केळी सावद्याच्या बाजारात पोचवायची. पालखीनं मशिदीपुढे नमाजाच्या वेळा टाळायच्या, एरवी खुशाल वाजवायचं. साहेबानं ते मान्य केलं आणि दोघांना समज देऊन सोडलं. पोरं काही गळ्यात गळे घालून हिंडली नाहीत हो. वर्षभर एकमेकांशी बोललीसुद्धा नाहीत. पण केळी पोचली आणि पालखी निघाली.

मी साखर घेऊन भाऊंच्या दारी गेले. म्हटलं, तुमचे उपकार सात जन्मात फिटायचे नाहीत. ते ओशाळले. म्हणाले, "अक्का, उपकार कसले? तुम्ही बोलला असता तर पुढची पाळी माझी होती. मुक्ताईच्या दारात खोटं बोलायचं म्हणून मला आठ दिवस झोप नव्हती."

म्हणजे दोघंही सारखेच भ्यालो होतो म्हणा ना. तरी मी उपकार मानते ते त्यांचेच, कारण आधी तोंड उघडलं ते त्यांनी, आणि तेव्हा माझा हिलाल खरं बोलेल याची त्यांना कसलीच खात्री नव्हती.