निखाऱ्याचा नियम

फोडणी करायच्या आधी अरुणाकाकू स्टुलावर चढून पॅसेजमधल्या स्मोक अलार्मला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घालत. कॅनडातल्या सस्काटूनमधल्या बहुतेक मराठी घरांत हीच रीत होती, कारण मिरची तेलात पडली की ते यंत्र असं काही किंचाळायचं की शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस फ्रीझन बर्फ तुडवत दारात हजर व्हायच्या. काकू नसल्या की सर स्वतःच पापड्या तळायला घेत आणि कढई तापत ठेवून वरच्या खोलीत डुलकी काढत. मागे एकदा अलार्म ओरडला आणि मिसेस फ्रीझन धावल्या, म्हणून घर वाचलं होतं.

सर म्हणजे काकूंचे यजमान, प्रोफेसर शरदचंद्र. रुचा त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती आणि त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहत होती. सतराव्या शतकातल्या जर्मनीतल्या एका लहानशा विद्यापीठाच्या गावाने आगीपासून वाचण्यासाठी केलेले नियम, हा तिचा विषय. विद्यार्थ्यांनी खोलीत शेगडी ठेवायची नाही, संध्याकाळची घंटा झाली की निखाऱ्यांवर तांब्याचं झाकण घालायचं, प्रत्येक दाराशी कातडी बादली टांगायची, आणि कुठे आग दिसली तर ती पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाने गल्लीभर ओरडत सुटायचं. तिने हे सगळं जुन्या जर्मन लिपीशी झटून, डोळे फोडून उभं केलं होतं. पहिली दोन प्रकरणं सरांनी परिषदांमध्ये स्वतःच्या नावाने वाचली.

रुचाने जाब विचारला तेव्हा सर हसले होते. "अगं, शिष्याचं काम गुरूच्या तोंडून गेलं की त्याला वजन येतं. तुमच्या पिढीला धीर कसला तो नाहीच."

वर तक्रार करावी, तर तिची शिष्यवृत्ती सरांच्या सहीवर चाललेली. काकूंपाशी ती धुमसली, तेव्हा काकू कोथिंबीर निवडत म्हणाल्या, "मीही इतिहासच केला होता गं. ह्यांचं पहिलं पुस्तक... जाऊ दे. तू जेवून घे."

'जाऊ दे' हे रुचाच्या रक्तात नव्हतं. तिसरं प्रकरण सरांच्या हाती देण्याआधी तिने त्यात एक नियम मनाने रचून घातला: जो दुसऱ्याच्या चुलीतला निखारा न विचारता नेईल, त्याच्या घराला आग लागली तर कोणी ओरडू नये. असा नियम त्या गावातच काय, जगातही कुठे नव्हता. सर तो भरसभेत वाचतील, ती उभी राहून आधार विचारेल, आणि चोर सगळ्यांसमोर उघडा पडेल. त्या हिवाळ्यात ती या एका क्षणावर जगत होती.

फेब्रुवारीतल्या व्याख्यानाला हॉल भरला होता. बरीचशी गल्लीतली, प्रेअरीच्या माळरानावरच्या जुन्या जर्मन घराण्यांतली माणसं आली होती. सरांनी तो नियम आवाज चढवून, दोनदा वाचला. रुचा हात वर करणार, तोच पुढच्या रांगेतून मिसेस फ्रीझन उठल्या.

"प्रोफेसर, तुम्ही अर्धाच सांगितलात," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझी आजी पुढचंही म्हणायची. सगळ्यांनी रांगेत उभं राहावं, आणि ज्याचा निखारा गेला त्याने सगळ्यांत पुढे."

हॉलमधल्या चार-पाच म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रुचाचा हात मांडीवरच राहिला. घरी परतताना गाडीत सर शीळ घालत होते.

दुसऱ्या दिवशी काकू टोपी घालायला विसरल्या. मिरची करपली, घरभर खाट उठला, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण अलार्म गप्प. सरांनी बॅटरी बदलली, मग यंत्रच बदललं. नवं यंत्र दुकानात कान किटेपर्यंत वाजलं होतं. घरात बटण दाबलं की त्याचा लाल दिवा तेवढा लागे.

"बरंच झालं," काकू म्हणाल्या, "स्टुलावर चढायचं वाचलं." त्यांनी टोपीची घडी घातली आणि ओट्याच्या खणात न ठेवता पर्समध्ये टाकली. रुचाने पाहिलं आणि विचारलं नाही.

आठवडाभरात गल्लीतल्या प्रत्येक दाराशी एकेक बादली आली. "पायऱ्या निसरड्या झाल्यात ना, वाळू टाकायला," मिसेस फ्रीझन म्हणाल्या. त्यात खोटं वाटण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त सरांच्या दाराशी कुणी बादली ठेवली नव्हती, आणि सरांना पाहिलं की शेजारी मान लववून, न बोलता, जरा बाजूला होत. मयताच्या घरच्या माणसाला वाट द्यावी तसे.

 रुचाला सरांची नाचक्की हवी होती. हे काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. शनिवारी सकाळी ती त्यांच्या अभ्यासिकेत जाऊन उभी राहिली.

"सर, तो निखाऱ्याचा नियम मी रचलाय. खोटा आहे तो."

"हो का? मग जा, मिसेस फ्रीझनना सांग!" सर खो खो हसले. "पुस्तकात पहिल्याच पानावर घालणार आहे मी तो."

"घाला. पण खाली माझं नाव घाला. एकदाच, सर. एवढंच मागतेय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "नावाचा एवढा हव्यास बरा नव्हे, रुचा. तुझ्या काकूने कधी मागितलं?"

दारात काकू उभ्या होत्या. जरीची साडी, वरून जाडजूड विंटर जॅकेट, हातात वाणाची पिशवी. "मी हळदीकुंकवाला जाते," त्या म्हणाल्या. "पापड्या डब्यात आहेत. लागल्या तर तळून घ्या." आणि मग, रुचाकडे बघत, "तू लायब्ररीत जा गं. दुपारी ये."

रुचा गेली. पुस्तकात तिचं मन लागेना. बसने परतली तेव्हा ऊन बर्फावर लख्ख पडलं होतं, आणि सरांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्या उन्हातही नारिंगी दिसत होती.

ती धावली. कोपऱ्यावर वळली आणि थांबली.

ड्राइव्हवेच्या कडेने अख्खी गल्ली रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या पायाशी बादली. कुणी बोलत नव्हतं, कुणी हलत नव्हतं. तोंडातून वाफा तेवढ्या निघत होत्या. वरच्या मजल्यावर, दुहेरी काचेमागे, सर दोन्ही हातांनी खिडकीशी झटत होते. त्यांचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. खाली काहीच ऐकू येत नव्हतं.

रुचाने खिशातून मोबाइल काढला. रेंज पूर्ण होती. तिचा अंगठा ९११च्या पहिल्या आकड्यावर टेकला आणि तिथेच राहिला. 'तुझ्या काकूने कधी मागितलं?' तिला तो आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला.

तिने मोबाइल खिशात ठेवला.

रांगेच्या सुरुवातीला अरुणाकाकू होत्या. जॅकेटखाली जरीची साडी, कपाळावर ताजं कुंकू, मुठीत घडी घातलेली प्लास्टिकची टोपी. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्या फक्त एक पाऊल मागे सरकल्या आणि त्यांच्या पुढे एका माणसापुरती जागा झाली.

तिथला बर्फ कुणीतरी आधीच फावड्याने काढून ठेवला होता.