पडद्यावरची कावीळ

नाथाजीच्या नातीचं, पायलचं, बारसं झालं ते सत्त्याण्णव साल. दिवाळी सरून थंडी पडली होती आणि उंब्रजच्या घरात पाव्हण्यांची दाटी झाली होती. नाथाजीचा व्हिडिओ हॉल तोवर बंद पडला होता. गावात केबल आली. घरात लोळत बघायला मिळतंय म्हटल्यावर बाकड्यावर कोण येऊन बसणार? पण मशीन त्यानं मोडीत घातलं नव्हतं. ट्रंकेएवढं, तीन भिंगांचं ते प्रोजेक्टर त्यानं सांगलीच्या धन्यकुमारशेठकडून जुनं घेतलं होतं. एका भिंगातून लाल उजेड पडायचा, दुसऱ्यातून हिरवा, तिसऱ्यातून निळा. पडद्यावर तिन्ही एकावर एक नेमके बसले की रंगीत चित्र उभं राहायचं.

जेवणं झाल्यावर पाव्हण्यांना करमेना, म्हणून नाथाजीनं समाजमंदिरात पडदा लावला आणि अक्षताच्या लग्नाची कॅसेट घातली. अक्षता त्याच्या थोरल्या बहिणीची, आक्काताईची लेक. आदल्या वर्षी तिला पाटणला धम्मपालच्या घरी दिली होती. धम्मपाल दुकानांचे बोर्ड रंगवायचा. हात असा, की अक्षर बघून माणूस थांबावा. पण दिवाळीपासून त्याला कावीळ झाली होती. शाल पांघरून तो भिंतीला टेकून बसला होता, शेजारी त्याची आई धोंडुबाई.

पडद्यावर नवरा-नवरी त्रिशरण म्हणत होते. आक्काताई एकदम म्हणाली, "थांबव रं नाथा. तितंच थांबव."

चित्र थांबलं.

"बघा सगळ्यांनी. पिवळाधम्मक हाय का न्हाई? लग्नातच कावीळ हुती याला. लपवून माझ्या पोरीच्या गळ्यात बांधला."

धोंडुबाई म्हणाली, "आवं विहीणबाई, त्यात तुमीबी पिवळ्याच दिसताय की. तुमाला कवा झाली हुती?"

माणसं हसली. आक्काताई हसली नाही. "माझं तोंड ऱ्हाऊ द्या. त्याचं डोळं बघा."

धम्मपाल बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "दिवाळीच्या आदी मला कवाच न्हवती."

झालं, तिथून तोंडाला तोंड लागलं. शेवटी आक्काताईनं सांगून टाकलं, "लपवलं असलं तर पोरगी मी घिऊन जाणार. काडीमोड."

"आन् लपवलं नसलं तर?" धोंडुबाईनं विचारलं.

"तर ऱ्हाईल तुमच्यात. मी परत तोंड उघडायची न्हाई."

नाथाजी मध्ये पडला. म्हणाला, मशीन म्हातारं झालंय, त्याचं काय खरं धरू नका. मी दुरुस्त करून आणतो आणि येत्या रविवारी हितंच पुन्हा दाखवतो. दोघी विहिणींना ते पटलं. भाऊ आक्काताईचा, पण मशीनला दोष देऊन बोलला धोंडुबाईच्या बाजूनं. तो कशाला कुणाची बाजू घेईल?

लग्नाचे फोटो होते, पण फ्लॅश उडाला की धम्मपाल डोळे मिटायचा. सगळ्या फोटोंत नवरदेव झोपलेला. मग दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी म्हणालं, गावातल्याच हंबीररावांकडं रंगीत टीव्ही आहे, तिथं बघू. सगळी वरात तिकडं गेली. हंबीररावांच्या टीव्हीवर धम्मपाल टोमॅटोसारखा लाल दिसला. हंबीररावांनी बटन फिरवलं तर तो हिरवट झाला, आणखी फिरवलं तर राखेसारखा.

"कोनचा पायजे तुमाला, सांगा," हंबीरराव म्हणाले. "आमच्यात समदं मिळतंय."

आक्काताई पदर झटकून बाहेर पडली.

अक्षता मागं राहिली होती. नाथाजीनं तिला वाटेत गाठलं. "तुझं काय म्हननं हाय गं?"

ती म्हणाली, "मामा, आजारी मानसाला टाकून जायची न्हाई मी. कसलाबी आजार असू द्या. पन ह्यांनी मला तोंडावर सांगितलंय, आदी न्हवती म्हनून. ते खोटं असलं तर मात्र माझ्यानं त्या घरात ऱ्हानं हुयाचं न्हाई. तेवढं नीट बघा तुमी."

"बघतो," नाथाजी म्हणाला.

त्या दुपारी दारं लावून त्यानं मशीन चालू केलं. समोर नुसता पांढरा उजेड सोडला. तो पिठल्यासारखा पिवळा पडला. मग एकेक भिंग मोकळं ठेवून बाकीच्या दोन्हींवर त्यानं तळहात धरले. लाल एकटा सोडला, ठीक होता. हिरवा एकटा सोडला, तोही ठीक. निळा एकटा सोडला तेव्हा भिंतीवर जेमतेम सावली पडली, धुक्यातल्यासारखी. निळा कमी पडला की पांढरं पिवळं होणारच. नाथाजीला हायसं वाटलं. लग्नात सगळ्या बायका पांढऱ्या लुगड्यांत होत्या आणि त्याच पडद्यावर ती लुगडी हळदीत बुडवल्यासारखी दिसत होती, हे त्याला तेव्हा आठवलं. म्हणजे कावीळ मशीनलाच झाली होती.

तरी त्यानं टेंपोत गोधडी अंथरून मशीन सांगलीला नेलं. धन्यकुमारशेठनं चष्मा पुसला आणि मागचं झाकण काढलं. निळ्या भिंगामागच्या ट्यूबची वायर काढून त्यानं ती लाल ट्यूबला जोडली. लाल ट्यूब झगझगीत पेटली.

"वायर चांगली. म्हणजे दुखणं ट्यूबमध्ये नाहीतर ट्यूबच्या पुढं," तो म्हणाला. भिंग काढलं तर खरंच, ट्यूब थंड राहावी म्हणून पुढं जे पाणी भरलेलं असतं त्यात शेवाळ धरलं होतं. गढूळ डबक्यातून बघितल्यासारखा निळा उजेड बाहेर येत होता. शेठनं ते पाणी काढलं, काच धुतली, नवं भरलं. मग एका जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमाची कॅसेट लावली.

"ह्यात रंग नसतोच. ह्यात तुम्हाला रंग दिसला, तर तो मशीनचा समजायचा."

बारीक बटनं फिरवून त्यानं तिन्ही भिंगं जुळवली. शेवटी भिंतीवर नुसतं काळं, पांढरं आणि राखी उरलं. कुठं पिवळ्याची झाक नाही, निळ्याची नाही.

"आता लावा तुमचं लगीन," शेठ म्हणाला.

नाथाजीनं कॅसेट घातली. लुगडी पांढरी आली. मंदिरावरचा झेंडा निळा आला. आक्काताईचं तोंड गव्हाळ, अक्षताचं उजळ, जसं आहे तसं. मग त्रिशरण म्हणताना धम्मपालनं मान वर केली. अक्षताच्या पांढऱ्याशुभ्र पदराला लागूनच त्याचं तोंड होतं. डोळे पिवळे होते.

नाथाजीनं कॅसेट मागं नेली, पुन्हा बघितली. डोळे पिवळेच.

"मशीनमध्ये आता खोट नाही, नाथाजी," धन्यकुमारशेठ म्हणाला आणि स्क्रू गोळा करायला लागला.

नाथाजी खुर्चीवर बसला. पोरगं हडकलं होतं. त्याला मिरजेला न्यायचं ठरलं होतं. अक्षता निघून गेली तर धोंडुबाईनं एकटीनं काय काय करायचं? तिला पाटणच्या स्टँडवर बोर्डसुद्धा वाचता येत नव्हता. बसल्या बसल्या त्याचा हात निळ्याच्या बटनाकडं गेला. त्यानं ते जरासं पुढं सरकवलं. डोळ्यांतला पिवळा विरला. अजून जरासं. डोळे स्वच्छ झाले.

शेठनं भिंतीकडं बघितलं. "पांढरा गेला की तुमचा. लुगडी निळी पडली."

"आमच्यात पांढऱ्याला नीळ घालत्यात, शेठ. लुगडं असंच दिसाय पायजे आमच्या बायकांना."

"मी दिलं ते पांढरं होतं," शेठ म्हणाला. "हे तुमचं."

रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. चित्र सुरू झालं तशी एक बाई म्हणाली, "काय झकास धुतल्यात गं लुगडी. आत्ताच दोरीवरनं काढल्यागत." धम्मपालनं मान वर केली तेव्हा कुणी सांगण्याआधीच नाथाजीनं चित्र थांबवलं. आक्काताई उठून पडद्याजवळ गेली. डोळे बारीक करून बघितलं. मग ती मागं वळली आणि धोंडुबाईला म्हणाली, "च्या ठेवा, विहीणबाई. डोसकं दुखाय लागलंय."

अक्षता नवऱ्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिनं वर घेतली. धम्मपालचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. तो पडद्याकडं बघत होता. मग त्यानं नाथाजीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

महिन्याभरानं त्याला मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं. नाथाजी सोबत गेला होता. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, डोळ्याखालची कातडी ओढून बघितली.

"कधीपासून आहे?"

"दिवाळीपासनं," अक्षता म्हणाली. "त्याच्या आदी कवा न्हवती."

"नक्की? नीट आठवून सांगा, त्यावर औषध ठरतं."

"नक्की. लग्नाची कॅसेट बघितली न्हवं आमी. डोळं पांढरंधोप हुतं."

डॉक्टर लिहू लागला. नाथाजीला वाटलं, आता धम्मपाल बोलेल. धम्मपाल छताकडं बघत पडला होता. लिहिणं चालू राहिलं तसं नाथाजीला उभं राहवेना.

"डॉक्टरसायेब, ते खोडा. लग्नातबी डोळं पिवळंच हुतं. मी मशीनचा निळा चढवून दाखवलं."

डॉक्टरला त्यातलं मशीन कळलं नाही, बाकीचं कळलं. त्यानं धम्मपालला सरळ विचारलं. धम्मपाल म्हणाला, "लग्नाच्या आदल्या वर्षापासनं हाय. येती, जाती. झाडपाला घ्यायचो." मग नाथाजीकडं न बघता म्हणाला, "मला त्याच दिवशी कळलं हुतं, मामा. पांढऱ्यात निळा किती पडलाय ते मला कळत न्हाई व्हय?"

डॉक्टर गेल्यावर अक्षता बराच वेळ खाटेची दांडी धरून उभी होती.

"ह्यांनी लपवलं ते भ्यालं म्हनून," ती म्हणाली. "तुमाला कशाचं भ्या हुतं, मामा? मी तर तुमाला सांगून ठेवलं हुतं, नीट बघा म्हनून."

तिनं मामाची पिशवी उचलून त्याच्या हातात दिली.

"तुमी जावा उंब्रजला."

तो गेला. तिनं सांगितल्याप्रमाणे तीही निघून जाईल असं त्याला वाटलं होतं, पण ती गेली नाही. धोंडुबाई पुढं सांगायची, पोरीनं पाणी दिलं, औषध दिलं, अंग पुसलं, सगळं केलं. पण गोळी घ्या, कूस बदला, एवढ्यापलीकडं नवऱ्याशी शब्द बोलली नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. दुखणं फार जुनं आहे, असं डॉक्टर म्हणाला. सुरुवातीलाच खरं कळलं असतं तर काही झालं असतं का, ते त्यानं सांगितलं नाही आणि नाथाजीनंही विचारलं नाही. अक्षता मामाच्या घरी परत कधी आली नाही.

धम्मपाल नऊ मार्च एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी, सोमवारी सकाळी, मिरजेच्या दवाखान्यात वारला.