मारबतीच्या गर्दीतली हाक

१९६१ सालच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच रुपीबाई नवऱ्याला घेऊन आर्णीजवळच्या तांड्यावरून नागपूरला निघाली. लालसिंगच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. उजेड-अंधार तेवढा कळे, माणूस आवाजावरून ओळखावा लागे. आर्णीच्या डॉक्टरनं नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी कधीचीच दिली होती, पण बैलांचा सण झाल्याशिवाय लालसिंग हलायला तयार नव्हता. त्याच दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

रुपीबाईनं यवतमाळच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं. चिठ्ठी पडली तर नाही ना, म्हणून तिनं मोटारीत चोळी चार वेळा चाचपली.

इतवारीत पोचले तेव्हा रस्ता माणसांनी गच्च भरलेला. ढोलताशे, पिपाण्या, बडगे म्हणून काढलेले कागदाचे ताडमाड पुतळे, कोणी वाघ झालेला, कोणी लुगडं नेसून बाई. मधोमध मारबतीचा अक्राळविक्राळ पिवळा पुतळा, आणि गावातली रोगराई घेऊन जा म्हणून लोक तिच्यामागं ओरडत होते. लालसिंगनं कसला गोंगाट आहे म्हणून विचारलं. तो घाबरू नये म्हणून, वरात असेल, असं तिनं सांगितलं. मग त्याला काठी टेकवून एका दुकानाच्या खांबाशी उभं केलं.

"तुमी अठीच उभे राहा. मी दवाखाना विचारून येतो."

ती दहा पावलं गेली असेल नसेल, मागून लोंढा आला आणि तिला घेऊन गेला. वळून पाहते तर ना खांब, ना दुकान. तेवढ्यात गुलालानं माखलेल्या पोरांनी तिला घेरलं. तिचा आरशांचा घागरा, कोपराच्या वरपर्यंत बांगड्या, केसांत चांदीचे दागिने. त्यांना वाटलं, कोणीतरी झकास सोंग आणलंय. एकानं तर विचारलं, "कोणत्या आखाड्याचा हायेस बे?"

"मी बाई आहो," रुपीबाई म्हणाली. "माया माणूस हरपला. त्याले दिसत नाही."

पोरं पोट धरून हसली. सोंगाचं बोलणंही त्यांना फार आवडलं. त्यांनी तिला उचलून बडगा नेणाऱ्या बंडीवर चढवलं.

वरून पाहिलं तर नजर जाईल तिथं पागोटीच पागोटी. खांब सोडून नवरा हात पसरून चालू लागला, तर या पायांखाली त्याचा चेंदामेंदा होईल. दिसत नसलं तरी त्याला ऐकू येत होतं. पण हाक काय मारायची? लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

तिनं डोळे मिटले आणि ओरडली, "लालसिंग!"

पोरांनी लगेच तेच नाव उचललं. सारा रस्ता लालसिंग, लालसिंग करू लागला आणि तिचा आवाज त्यात बुडाला. रुपीबाई मटकन बसली, रडू लागली. बंडीशेजारी बडगा बनवणारे नागोराव चालत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि हात वर करून ताशे थांबवले.

"थांबा रे. सोंग नोहे हे."

तेवढ्यापुरता रस्ता शांत झाला. तिनं पुन्हा नाव घेतलं. डावीकडं, तेलाच्या दुकानापाशी, एक काठी हळूहळू वर आली.

लोकांनी वाट दिली. लालसिंगनं दुसऱ्या हातानं खांबाला मिठी मारलेली होती आणि तो घामानं निथळत होता. सारा रस्ता आपलं नाव घेतोय म्हणजे पोलीस आपल्याला शोधताहेत, असं त्याला वाटलं होतं.

"मायं नाव या लोकायले कोणं सांगतलं?"

"म्या सांगतलं."

त्यानं तिचं मनगट असं धरलं, की दवाखान्याच्या पायरीपर्यंत सोडलं नाही. नागोराव स्वतः त्यांना तिथवर सोडून गेले.

दवाखान्याला सुट्टी होती, तरी कंपाउंडरनं चिठ्ठी पाहून ओसरीत बसू दिलं. गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यासाठी दिवाळीनंतर या, असं डॉक्टर म्हणाले.

रुपीबाईनं लगेच विचारलं, "त्या दिवशी गावात काही निघत तं नाही ना?"