हँडलची पिशवी

ब्याऐंशीच्या डिसेंबरात सायकलने तारापूरला निघालो होतो. वाटेत माहीमला एका कोळणीच्या ओट्याशी सायकल लावून विहिरीवर हातपाय धुवायला गेलो. परत येतो तर हँडलची पिशवी गायब!

“उनात तापत होती, म्हणून आत ठेवली,” जमना कोळीण पिशवी देत म्हणाली.

असल्या कनवाळूपणाचा मला लगेच संशय येतो. मी तिथंच पिशवी उपसली. तळाशी पाना-पंप, मध्ये पंक्चरचं सामान, वर नकाशा आणि टॉर्च. सगळं जागच्या जागी होतं. तरी टॉर्च उघडून सेल नवेच आहेत ना, तेही बघितलं.

“सगलं हाय ना?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. तशी ती उठली आणि माझ्यादेखत दोरीवर वाळणारे बोंबील मोजू लागली.