शिट्टीवर उतरणारी फळी

साल होतं १९५२. कार्निव्हल संपत आला होता आणि पो नदीकाठच्या आमच्या गावातल्या थिएटरात तोच जुना ऑपेरा लागला होता. बायका नासवत हिंडणारा एक सरदार. त्याच्या हातून मेलेल्या म्हाताऱ्याचा दगडी पुतळा त्याच्याकडे जेवायला येतो आणि हात धरून त्याला नरकात नेतो. गावच्या न्हाव्याला, खाटकालासुद्धा त्यातलं गाणं न् गाणं पाठ. तसे कान आता राहिले नाहीत.

नीव्हेस तिथे कपडेपट सांभाळायची. तिचा नवरा आर्दुइनो रंगमंचाच्या खाली असायचा, नरकात उतरणारी फळी त्याच्या ताब्यात. वरून मुकादमाची एक लांब शिट्टी आली, की ब्रेक सैल करत करत तो सरदाराला अलगद खाली घ्यायचा. म्हणूनच पडद्यामागे कुणी गंमत म्हणूनही शिट्टी वाजवायची नाही, असा दंडक होता.

त्या वर्षीचा सरदार लेआर्को, मिलानकडचा देखणा गायक. नीव्हेसची मुलगी झाइरा आईच्या हाताखाली शिवणाला असे. फेब्रुवारीत तिला दिवस गेल्याचं आईच्या ध्यानात आलं. पोरगी रडली नाही, लेआर्को लग्न करणार आहे म्हणाली. नीव्हेसने लेआर्कोला गाठलं, तर तो आरशातून नजर न काढता म्हणाला, "बाई, तुम्ही बटण तेवढं घट्ट लावा."

नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही. रविवारी दुपारी शेवटचा खेळ होता. तो पार पडला की गायक गावातून जाईल, मग बोलू, असं तिने ठरवलं. आर्दुइनो गरीब स्वभावाचा, पण झाइरात त्याचा जीव. ती फळी हातात असताना त्याला हे कळून चालणार नव्हतं.

गावाला मात्र कळलं होतं. शेवटच्या प्रवेशात सरदार जेवायला बसला आणि गॅलरीतून तॉन्योलो खाटीक ओरडला, "जावईबापू, सावकाश जेवा! सासरेबुवा खाली थांबलेत!"

गॅलरी खदखदून हसली. नीव्हेस विंगेतून जिना उतरत खाली धावली.

आर्दुइनो ब्रेकवर हात ठेवून वर बघत होता. "कुणाचा सासरा गं?"

"टवाळ आहेत मेले. लक्ष देऊ नकोस."

"झाइरा?"

तिने त्याच्या ब्रेकवरच्या हातावर आपला हात ठेवला. वर पुतळ्याने हात धरला, लेआर्को फळीवर आला, त्याचा सूर फाटला आणि अख्ख्या गॅलरीने हुर्यो उडवत शिट्ट्या मारल्या.

"ही लोकांची शिट्टी आहे," नीव्हेस म्हणाली. "आपली नाही, आर्दुइनो."

"कळतं मला," तो म्हणाला आणि ब्रेक सोडून दिला.

वर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एवढ्या कल्लोळात शिट्टी ओळखू येणं शक्यच नव्हतं, असं नीव्हेसने चौकशीत सांगितलं. शिट्ट्या मारणाऱ्यांत अर्धं गाव होतं, त्यामुळे कुणी फार खोलात गेलं नाही. तॉन्योलो पुन्हा गॅलरीत दिसला नाही.

लेआर्कोचा कणा मोडला. मानेखालचं शरीर गेलं ते गेलंच. इस्पितळात त्याची विचारपूस करायला त्याच्या नादी लागलेल्या बायकांमधली एकटी झाइरा आली. तिथेच तिने त्याच्याशी लग्न केलं, पुढे तान्ही मुलगी घेऊन त्याच्या गावी राहिली आणि तो मरेपर्यंत त्याला हाताने भरवत राहिली. ब्रेक कसा सुटला, हे तिने बापाला कधीच विचारलं नाही. त्याच्यासाठी किंवा आईसाठी दारही उघडलं नाही. आर्दुइनो थिएटर सोडून वीटभट्टीवर कामाला लागला आणि तिथेच खंगला. नीव्हेस कपडेपटातच म्हातारी झाली. नात कशी दिसते, हे दोघांनाही कळलं नाही.